घोषणा भाषणात, निर्णय पुरवणीत: महायुती सरकारचा पहिला अर्थसंकल्प कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. एवढं बहुमत असूनही मार्च २०२५ च्या पहिल्या अर्थसंकल्पात प्रचारात कबूल केलेले लाडक्या बहिणींचे महिना २,१०० रुपये आले नाहीत, शेतकऱ्यांची कर्जमाफीही आली नाही. तिजोरीत पैसाच नाही, की द्यायची इच्छा नाही? आणि सरकारचं खरं आर्थिक धोरण काय, हे सामान्य माणसाने कुठे शोधायचं?

भाषणात शोधू नका, एवढं आधी सांगतो. मी राज्याच्या वित्त व लेखा सेवेत नोकरी केली. सुरुवातीला कोषागारात, नंतर मंत्रालयात एका विभागाच्या अर्थसंकल्प कार्यासनावर. अर्थमंत्र्यांच्या भाषणाची पुस्तिका त्या टेबलावर दोन दिवस असायची, मग कपाटात. काम चालायचं ते विभागनिहाय अंदाजांच्या जाड पुस्तकांवर, पुरवणी मागण्यांवर (वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा पैसा) आणि वित्त विभागाच्या निधी वितरणाच्या परिपत्रकांवर. सरकारला काय हवंय ते भाषणातून कळतं. सरकार काय करणार, ते या तीन कागदांतून.

१० मार्च २०२५ ला अजित पवारांनी अर्थसंकल्प मांडला. अर्थमंत्री म्हणून त्यांचा तो अकरावा; त्यांच्या पुढे फक्त शेषराव वानखेडे, तेरा वेळा. एकूण खर्च ७,००,०२० कोटी. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. म्हणजे ४५,८९१ कोटींची महसुली तूट. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभराची एकूण उसनवारी, १,३६,२३५ कोटी, आणि वर्षाअखेरीस राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात.

यातला राजकोषीय तुटीचा आकडा वर्तमानपत्रांत मोठ्या टाइपात छापला गेला, पण मला त्याची तेवढी चिंता नाही. राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तो पावणेतीन टक्के येतो, मर्यादा तीनची आहे. कर्जही उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत आहे. कर्जबाजारी पंजाबशी तुलना करून गळा काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. खरी गोम महसुली तुटीत आहे. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २०२४-२५ साठी ती ९,७३४ कोटी दाखवली होती. जूनमध्ये अतिरिक्त अर्थसंकल्प आला, लाडकी बहीण जाहीर झाली आणि त्याच वर्षाची तूट २०,०५१ कोटींवर गेली. पुढच्या वर्षासाठी ती थेट ४५,८९१ कोटी. महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि अनुदानं भागवण्यासाठी काढलेलं कर्ज. त्यातून ना धरण उभं राहतं, ना रस्ता. व्याजापोटीच २०२५-२६ साठी सुमारे ६५ हजार कोटी धरले होते. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज हे तीन मिळून महसुली जमेतला निम्म्याहून जास्त पैसा नेतात, आणि त्यात कोणतंही सरकार आलं तरी फारसा हात घालता येत नाही. नव्या सरकारचं 'धोरण' उरलेल्या अर्ध्यात बसवायचं असतं.

आता २,१०० रुपयांकडे येऊ. अर्थसंकल्पाच्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, २,१०० कुठे आहेत? खरं तर त्या दिवशी विचारायचा प्रश्न वेगळा होता: १,५०० तरी सगळ्यांना मिळणार आहेत का?

कागद-पेन्सिल घ्या. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला एका बाईचे १८,००० रुपये. २०२५-२६ साठी योजनेला तरतूद ३६,००० कोटी. भागाकार करा, उत्तर बरोबर दोन कोटी. पण त्याच भाषणात अर्थमंत्री सांगत होते की २ कोटी ५३ लाख महिलांना लाभ दिला आणि जुलै २०२४ पासून ३३,२३२ कोटी खर्च झाले. हा खर्च नऊ महिन्यांचा धरला, तर त्याच गतीने बारा महिन्यांना ४४ हजार कोटींहून जास्त लागतात. म्हणजे ३६ हजारांचा आकडा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यात दोनच शक्यता असणार: एक तर यादी कमी होणार, नाही तर पुरवणी मागणीत पैसे येणार. अर्थसंकल्प कार्यासनावर बसलेला माणूस भागाकार न करता तरतूद लिहीत नाही, याची खात्री बाळगा.

पुढे यादी कमी झालीच. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास विभागाने सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचं दिसतंय, त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे. त्यात काही हजार पुरुषही निघाले! मग सप्टेंबरपासून ई-केवायसी सक्तीची झाली. ज्या शेतकरी बहिणींना पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे मिळून महिन्याला हजार रुपये मिळतात, त्यांना लाडकी बहीणचे पाचशेच मिळतात. अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा, घरात चारचाकी नको, आयकरदाता नको, या अटी पहिल्या दिवसापासून शासन निर्णयात होत्या. निवडणुकीआधी त्या तपासल्या गेल्या नाहीत, निवडणुकीनंतर तपासल्या गेल्या. अपात्रांना वगळणं चूक नाही. पण ते मार्चच्या भाषणात सांगितलं गेलं नाही, तरतुदीच्या आकड्यात मात्र लिहिलेलं होतं.

मग २,१०० का नाहीत? दर महिन्याचे सहाशे जादा म्हणजे वर्षाला माणशी ७,२००. सव्वादोन कोटी महिला धरल्या तरी १६,२०० कोटींचा वाढीव बोजा, आणि तो दर वर्षी. ज्या अर्थसंकल्पात सगळा भांडवली खर्च मिळून ९३ हजार कोटींचा आहे, तिथे एवढे पैसे आणायचे कुठून? कर्ज काढलं तर महसुली तूट आणखी फुगते. त्यामुळे 'पैसा नाही' हेही अर्धसत्य आणि 'इच्छा नाही' हेही. पैसा आहे, पण तो रस्ते, मेट्रो, सिंचन यांतून काढावा लागेल, आणि ते काढण्याची या सरकारची तयारी नाही. मला विचाराल तर ती नसावीच.

तरतुदीच्या पुस्तकांत आणखी एक जागा आहे, तिथे फार कुणी बघत नाही. भाषणात अभिमानाने सांगितलं गेलं की अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाची (त्या समाजासाठी राखून ठेवलेल्या निधीची) तरतूद ४२ टक्क्यांनी वाढवून २२,५६८ कोटी केली आणि आदिवासी घटक कार्यक्रमाची ४० टक्क्यांनी वाढवून २१,४९५ कोटी. एका वर्षात एवढी उडी? मेमध्ये उलगडा झाला. सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे सुमारे ३३५ कोटी लाडकी बहीणच्या हप्त्यासाठी वळवल्याचा आरोप झाला, आणि खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट जाहीरपणे चिडले. सरकारचं उत्तर असं होतं की निधी वळवलेला नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या बहिणींचा हप्ता त्यांच्याच घटक कार्यक्रमाच्या लेखाशीर्षातून (हिशेबाच्या खात्यातून) द्यायचा, अशीच अर्थसंकल्पाची रचना आहे.

लेखाशास्त्राच्या दृष्टीने सरकार बरोबर आहे. लाभार्थी ज्या प्रवर्गातला, खर्च त्या घटक कार्यक्रमाखाली दाखवण्याची पद्धत जुनीच आहे, लाडक्या बहिणीसाठी काढलेली नाही. पण मग वाढीचं कौतुक करताना ते सांगायला हवं होतं. कारण वसतिगृह, शिष्यवृत्ती, आश्रमशाळा यांच्या वाट्याला त्या ४२ आणि ४० टक्क्यांतलं बरंच कमी येतं. विद्यार्थी संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांना तांत्रिक उत्तर देऊन भागलं नाही, ते यामुळेच.

पुरवणी मागण्या हा तर महाराष्ट्राचा दुसरा अर्थसंकल्प झालाय. घटनेत तो अपवादासाठी ठेवलेला मार्ग आहे: वर्षाच्या मध्येच काही अनपेक्षित खर्च आला, तरतूद कमी पडली, तर विधिमंडळाकडून पुन्हा मंजुरी घ्यायची. निवडणुकीच्या वर्षात, जुलै २०२४ मध्ये, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यात लाडकी बहीणचेच २५ हजार कोटी. नव्या सरकारने तरी हात आखडता घ्यावा, अशी अपेक्षा होती. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला ३३,७८८ कोटी. मार्च २०२५ मध्ये अर्थसंकल्प मंजूर झाला आणि शाई वाळायच्या आत, ३० जूनला, ५७,५०९ कोटींच्या मागण्या सभागृहात. डिसेंबरमध्ये पुन्हा नागपुरात ७५,२८६ कोटी. एका आर्थिक वर्षात दोन अधिवेशनांत मिळून १ लाख ३२ हजार कोटींहून जास्त. मूळ सात लाख कोटींच्या अर्थसंकल्पाचा जवळजवळ पाचवा हिस्सा.

इथे विरोधी पक्षाची मंडळी नेहमी एक गफलत करतात, ती तुम्ही करू नका. पुरवणीचा सगळा आकडा म्हणजे नवा बोजा नव्हे. त्यात केंद्राकडून येणाऱ्या निधीशी जुळणारा खर्च असतो, आधीच्या तरतुदीची फक्त लेखाशीर्ष बदललेली असते, केंद्राच्या बिनव्याजी कर्जाची रक्कम असते. जूनच्या ५७ हजार कोटींतला निव्वळ भार ४०,६४४ कोटी होता. डिसेंबरच्या मागण्यांमागे सप्टेंबरच्या अतिवृष्टीचं खरंखुरं कारण होतं. मराठवाड्यात जमीन खरवडून गेली, विहिरी गाळाने बुजल्या, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. हे मार्चमध्ये कुणाला दिसणार होतं?

पण हे सगळं मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. चालू असलेल्या योजनेचे, ठरलेल्या प्रकल्पांचे पैसे जूनमध्ये पुरवणीत का यावेत? तीन महिन्यांत असं काय नवीन कळलं? माझा अनुभव असा, की विभाग मार्चमध्ये मागतो त्याला वित्त विभाग कात्री लावतो, कारण तूट तीन टक्क्यांच्या आत दाखवायची असते. मग मंत्री वरून वजन वापरून तेच पैसे पावसाळी अधिवेशनात मिळवतो. अर्थसंकल्पाची शिस्त मार्चमध्ये पाळलेली दिसते, सैल पडते जूनमध्ये, आणि तोवर टीव्हीवरच्या चर्चा संपलेल्या असतात.

आणि तरतूद मिळाली म्हणजे पैसा मिळाला असंही नाही. हे बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा एखाद्या तालुक्यातल्या रस्त्याला अर्थसंकल्पात तरतूद आहे. प्रशासकीय मान्यता झाली, निविदा झाली, कार्यादेश निघाला, डांबर पडलं, मोजमाप पुस्तकात नोंद झाली. आता देयक काढायला कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयातला लिपिक 'बीम्स' या सरकारी निधी वितरणाच्या संगणक प्रणालीत लेखाशीर्ष टाकतो. तरतुदीच्या रकान्यात आकडा असतो, वितरित निधीच्या रकान्यात शून्य. निधी विभागाने वरून सोडला तरच तिथे आकडा उमटतो, आणि विभाग सोडतो तो वित्त विभागाने ठरवून दिलेल्या टक्क्यांपर्यंतच. मार्चअखेरीला थोडा निधी येतो, तो दहा देयकांत वाटला जातो, प्रत्येकाला वीस-पंचवीस टक्के देऊन. राज्यभरात सर्व खात्यांची मिळून ८९ हजार कोटींची देयकं थकल्याचा दावा कंत्राटदारांच्या संघटना २०२५ मध्ये करत होत्या. आकड्यावर वाद होऊ शकतो, थकबाकीवर नाही. या थकबाकीचा अर्थसंकल्पाच्या कोणत्याही गोषवाऱ्यात उल्लेख नसतो. तूट आटोक्यात दिसते त्यात या न दिलेल्या पैशांचा वाटा असतो.

कराचं तेच. मार्चमध्ये करवाढ अगदी किरकोळ होती. सीएनजी-एलपीजी मोटारींवर एक टक्का जादा, मोटार वाहन कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख, पूरक दस्तांचं मुद्रांक शुल्क शंभरऐवजी पाचशे रुपये. ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर लावायचं ठरलं होतं, तो अधिवेशनातच मागे घेतला. वाहन करातल्या या वाढीतून मिळणारे जादा पैसे हजार-अकराशे कोटींच्या आसपास. सात लाख कोटींत ते दिसतही नाहीत. खरी करवाढ आली १० जूनला, मंत्रिमंडळाच्या बैठकीत. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती मूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पट केलं, धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा प्रकार काढला, आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी जास्त मिळतील असं सांगितलं. बहिणीचे पैसे भाऊजींच्या खिशातून, असा विनोद तेव्हा फिरला. विनोद सोडा, पण सरकारकडे दुसरा पर्याय तरी काय होता? जीएसटीनंतर राज्याच्या हातात मुख्यतः मद्य, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क, वाहन कर आणि वीज शुल्क एवढंच उरलंय. पेट्रोल वाढवलं तर बोंब होते, मुद्रांक वाढवला तर बिल्डर आणि घर घेणारा दोघेही रडतात. राहता राहिली दारू.

कोणत्या योजना गुपचूप आटल्या, यावरूनही धोरण कळतं. सणाला स्वस्तात मिळणारा आनंदाचा शिधा २०२५ च्या गणेशोत्सवात मिळाला नाही, आणि पैशांची अडचण आहे हे अन्न व नागरी पुरवठामंत्री छगन भुजबळांनी लपवलं नाही. एक रुपयात पीक विमा एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना पाच, असा शेतकऱ्याचा हिस्सा परत आला. त्याऐवजी शेतीत भांडवली गुंतवणुकीसाठी वर्षाला पाच हजार कोटी देण्याची कृषी समृद्धी योजना आणली. हा बदल मला पटतो. एक रुपयाच्या विम्यात बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला होता. सरकारी जमिनींवर, मंदिरांच्या जागेवर विमे उतरवले गेले होते. फक्त ज्या वर्षी हा बदल केला, त्याच वर्षी अतिवृष्टी व्हावी हे दुर्दैव.

मग या सरकारचं खरं प्राधान्य काय? पायाभूत सुविधा, आणि त्याही मुंबई महानगर प्रदेश व महामार्गांच्या. सरकारच्या मते या भागाची अर्थव्यवस्था तेव्हा १४० अब्ज डॉलरची होती, ती २०३० पर्यंत ३०० अब्जांवर न्यायची आहे. वाढवण बंदर, पालघरचा विमानतळ, मेट्रो ही सगळी त्याचीच साखळी. पण या प्रकल्पांचा मोठा हिस्सा अर्थसंकल्पाच्या बाहेर आहे. महामंडळ कर्ज काढतं, राज्य हमी देतं. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंतचा शक्तिपीठ महामार्ग घ्या. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी २० हजार कोटींना मान्यता दिली, त्यातले १२ हजार कोटी हुडको या केंद्र सरकारच्या वित्त कंपनीच्या कर्जातून. कोल्हापूर-सांगलीचे शेतकरी जमिनीसाठी भांडत होते, वित्त विभागाला कर्जाच्या बोज्याची काळजी होती. दोघांच्या हरकती बाजूला ठेवून निर्णय झाला. एखाद्या गोष्टीसाठी सरकार आपल्याच वित्त विभागाचं ऐकत नसेल, तर ती त्याच्या मनातली पहिली गोष्ट समजावी. लाडक्या बहिणीच्या २,१०० साठी तसं झालेलं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत झालेल्या पंधरा लाख कोटींहून अधिकच्या सामंजस्य करारांबद्दल प्रश्न नव्हता, तरी एक ओळ: त्यातला पैसा या पाच वर्षांच्या महसुलात शोधू नका. कारखाना आला की आधी सरकारलाच प्रोत्साहन अनुदान द्यावं लागतं.

नवीन सरकार कडू निर्णय पहिल्या वर्षात घेतं, असा साधारण ठोकताळा आहे. इथे तो चालला नाही, कारण विधानसभेपाठोपाठ नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि महापालिकांच्या रखडलेल्या निवडणुका न्यायालयाच्या आदेशाने समोर येऊन ठाकल्या. म्हणून २०२५ मध्ये लाडकी बहीण बंद झाली नाही, पण वाढलीही नाही. यादी हळूहळू आटली. कर्जमाफी नाकारली गेली नाही, पण लांबली.

कर्जमाफीबद्दल शेवटचं. मार्च २०२५ च्या अखेरीस अजित पवारांनी बारामतीत सांगून टाकलं की ३१ मार्चच्या आत पीक कर्ज भरा, माफी आत्ता शक्य नाही. ऑक्टोबरमध्ये बच्चू कडूंनी नागपूरचा महामार्ग अडवल्यावर सरकारने मुख्यमंत्र्यांचे आर्थिक सल्लागार प्रवीण परदेशींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ३० जून २०२६ पर्यंत निर्णयाचा शब्द दिला. २०१७ ची दीड लाखांपर्यंतची माफी ३४,०२२ कोटींची म्हणून जाहीर झाली होती, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची होती. दोन्ही वेळा पैसे एका वर्षात पडले नाहीत, टप्प्याटप्प्याने दिले गेले आणि दोन्ही वेळा नियमित फेडणाऱ्याला त्या मानाने कमी मिळालं. या वेळच्या माफीचं काय होणार, ते घोषणेच्या दिवशीच्या पत्रकार परिषदेतून कळणार नाही. सहकार विभागाची खर्चाची मागणी बघा. पुस्तकात ती 'व्ही' अक्षराखाली असते. तिथे कर्जमुक्तीच्या लेखाशीर्षासमोर चार रकाने असतात: गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. शेवटच्या रकान्यात हजार रुपयांच्या घरातली लाक्षणिक रक्कम असेल, तर सरकारने फक्त दार उघडं ठेवलंय आणि पैसे पुरवणीत येतील किंवा येणार नाहीत. पाच-दहा हजार कोटी असतील तर हप्त्यांची माफी. त्याहून मोठा आकडा असेल, तर तो कोणत्या रस्त्याच्या तरतुदीतून काढला हे सार्वजनिक बांधकामच्या पुस्तकात शोधा. ही सगळी पुस्तकं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत, फुकट मिळतात.